पन्नास मीटरपलीकडची जाहिरात

भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे, शेजारच्या खाडीत मासळी आहे. परंतु मुलाच्या हातातील मोबाइल त्याला वितळते चीज आणि रंगीत पेयेच दाखवितो. या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती मुलांना योग्य आहेत काय? त्यांत शिवी नाही, हिंसा नाही, एवढ्यावर निकाल देता येणार नाही. त्या काय खपवितात, हीच खरी कसोटी होय. भाकरी थापायला शिकविणारी चित्रफीत मुलांनी खुशाल पाहावी. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मेद, मीठ, साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या जाहिरातीस मनाई केली; मोबाइलने ते अंतरच पुसून टाकले. दोष आईबापांच्या माथी मारून शासनाला सुटता येणार नाही. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून अशा पदार्थांच्या सशुल्क ऑनलाइन जाहिरातींवर बंदी घातली. हीच मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावच्या पालकसभांतून उभी केली पाहिजे.