चिकटवहीचा काठ

बोटभर मजकूर आणि हातभर नक्षी! चिकटवह्यांच्या स्पर्धेविषयी हे मत आपल्या वर्गात जसे ऐकू येते तसेच प्राध्यापक-कक्षातही. 'कात्रणे नीट लावा, माहिती नीट लिहा, सजावटीत वेळ घालवू नका' असा उपदेश दरवर्षी होतो. मुलाने काठ रेखला तर वर थट्टाही होते. मला हे मत मान्य नाही.

मात्र विरोधकांचे एक म्हणणे मी आधीच कबूल करून टाकतो. हल्ली वह्यांवर जी सजावट दिसते ती बहुतेक विकतची असते. सोनेरी लेसची पट्टी, नाहीतर मोबाईलवरून छापून घेतलेली गुलाबाची वेल. दुष्काळावरच्या कात्रणांभोवती द्राक्षांचे घोस लटकलेले मी स्वतः पाहिले आहेत! असल्या काठाला गुण देऊ नयेत, हे योग्यच.

पण हाताने काढलेला काठ ही वेगळी गोष्ट आहे. त्यात हिशेब असतो. समजा, कोपऱ्यांचे चौकोन सोडून पानाची लांबी २७ आणि रुंदी १८ सेंटिमीटर उरली. ४ सेंटिमीटरचे फूल घेतले तर लांबीत सहा बसतात आणि ३ सेंटिमीटर उरतात. रुंदीत चार बसून अर्धे फूल तुटते. तेच फूल साडेचार सेंटिमीटरचे केले की लांबीत सहा, रुंदीत चार, बाकी काही नाही. हे मला भूमितीच्या तासाला कुणी सांगितले नव्हते. माझी आई शाळेत गेलेली नाही. ती अंगणात रांगोळी घालताना म्हणते, "कोपरं आदी धर, मंग मधलं. दोन्हीकडनं भरत यायचं." उरलेसुरले अंतर ती मधल्या फुलात असे जिरवते की शोधून सापडू नये. गोधडीचेही तसेच. कडेने टाके घालत घालत मध्यावर यायचे.

आपल्याकडे काठांची काय वाण आहे? पैठणीचा नारळी काठ आहे, विदर्भातल्या करवतकाठीचे दाते आहेत, रुईफूल आहे. चातुर्मासातली गोपद्मे आहेत. वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. मध्ये पालघट देवी आणि तिच्याभोवती नक्षीचे पट्टे. ते पट्टे पुसून टाका आणि मग तो चौक कसा दिसतो ते पाहा!

इतिहासातले एक उदाहरण तर मला फारच आवडते. जहांगीर बादशहाच्या (राज्यकाल १६०५ ते १६२७) चित्रसंग्रहांतल्या काही पानांच्या हाशियांत ग्रंथ तयार करणारे कारागीर रंगवलेले आहेत. कुणी कागद घोटतो आहे, कुणी बांधणी करतो आहे. पानाच्या मध्यभागी त्यांना जागा नव्हती, काठावर मिळाली. बादशाही ग्रंथालयाला ज्यांचा विसर पडला नाही, त्यांचा आपल्या वार्षिक स्पर्धेला का पडावा?

कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेला आपण समास म्हणतो. माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाच्या वहीत मध्यभागी जे असते ते सारे बाहेरून आलेले असते. वर्तमानपत्राची भाषा, पुस्तकाची भाषा. घरी वही दाखवली तर आईला त्यातले अक्षरही लागत नाही. ती पाने उलटते आणि काठावर थांबते. "ही रुईची फुलं व्हय?" एवढे विचारून ती बोटाने मोजत जाते आणि कोपऱ्यापाशी मान डोलावते. ज्याने ग्रंथ वाचले आहेत त्याला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

म्हणून स्पर्धा-समितीला माझी सूचना आहे. तयार पट्ट्यांना खुशाल बंदी घालावी. हातच्या काठाला मात्र गुण ठेवावेत, आणि शेवटच्या पानावर जिथे 'संकलन' लिहितो तिथेच काठ कोणता, कुणाकडून शिकलो, हेही लिहायला सांगावे. शेजारच्या आजीचे नाव तिथे आले तर कॉलेजचे काही बिघडत नाही. यंदाच्या माझ्या वहीत मी ते न सांगताच लिहिले आहे. काठ : रुईफूल, आईकडून. त्याला गुण द्यायचे की कापायचे, हे परीक्षकांनी ठरवावे.

— द्वितीय वर्ष, कला