बॅच लहान करा, मॅश टाळू नका

एक्स्ट्रॅक्टवर हात बसलेल्या वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं : ऑल-ग्रेन करायचंय, पण जागा नाही. आपले बहुतेक वाचक ब्रिटनमधल्या भाड्याच्या घरांत राहतात. ओटा हातभर, कपाट एकच आणि हॉबवर रोजचा स्वयंपाकही व्हायचा असतो. त्यांची अडचण खरी आहे. पण ती स्वयंपाकघरापेक्षा 23 लिटर या आकड्यामुळे जास्त आली आहे, असं आमचं ठाम मत आहे.

हा आकडा किटच्या डब्यांनी रूढ केला. पाच ब्रिटिश गॅलन, म्हणजे 40 पाइंट. तेवढं वर्ट पूर्ण उकळायचं तर तीसेक लिटरचं पातेलं हवं. घरच्या हॉबवर त्याला उकळी येता येत नाही. ते गार करायला वेगळी कॉइल लागते आणि भरलेलं पातेलं एकट्याने उचलवत नाही. बॅच 5 लिटरवर आणली की हा सगळा पसारा गळून पडतो. उरतं ते 12 लिटरचं पातेलं, बारीक जाळीची नायलॉनची पिशवी, भरवशाचा थर्मामीटर आणि हॉप्स तोलायला ग्रॅमचा काटा.

हिशेबही सोपा आहे. भरडलेलं माल्ट सव्वा किलो, पाणी 9 लिटर. पाणी 70 अंशांपर्यंत तापवून त्यात पिशवी सोडायची आणि माल्ट थोडं थोडं ओतत ढवळायचं, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. माल्ट खोलीच्या तापमानाचं असल्याने मिश्रण 67 अंशांच्या आसपास स्थिरावतं. मग हॉब बंद, पातेल्यावर झाकण आणि भोवती जुनी रजई. पहिल्या पाच मिनिटांत चमचाभर काढून पाहा. पाणी दुधट दिसतं, चव पिठूळ लागते. अर्ध्या तासाने पुन्हा चाखा, तेच पाणी स्वच्छ गोड झालेलं असतं. तासाभराने पिशवी उचलायची, चाळणीवर निथळू द्यायची आणि पातेलं उकळायला ठेवायचं.

या एका तासासाठीच आम्ही एवढा आग्रह धरतो आहोत. माल्टमधलं बीटा-अमायलेज 62 ते 65 अंशांना जोमात असतं आणि यीस्टला पचणारी साखर तयार करतं. त्यातून बिअर कोरडी, हलकी होते. अल्फा-अमायलेज सत्तरीच्या आसपास रमतं आणि यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन मागे ठेवतं. त्यातून बिअरला अंग येतं. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज पातळ राहते, तेही अमायलेजचंच काम. एक्स्ट्रॅक्टचा डबा उघडतो तेव्हा तापमानाचा हा निर्णय कारखान्यात आधीच झालेला असतो. बिअर कशी व्हावी हे स्वतः ठरवायचं असेल, तर मॅश आपल्याच हातचा हवा.

लहान बॅचचे काही स्वभाव मात्र ओळखायला हवेत. पातेलं लहान तितकी उष्णता लवकर जाते, म्हणून रजई ऐच्छिक समजू नका. दुसरं, तासाभरात वाफ किती होणार हे पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, बॅचच्या आकारावर नाही. मोठ्या बॅचमधून 2 लिटर गेले तर कळतही नाही, 8 लिटरमधून गेले तर पाककृती बदलते. म्हणून आधी नुसतं पाणी तासभर उकळून घट मोजून ठेवा. तिसरं, 11 ग्रॅमचं यीस्टचं पाकीट मोठ्या बॅचसाठी असतं. इथे त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. गार करायला मात्र बर्फ टाकलेलं सिंक पुरेसं आहे.

पाण्याकडेही आता लक्ष हवं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधलं पाणी जड, बायकार्बोनेटयुक्त. फिकट माल्टच्या मॅशचा पीएच त्यामुळे 5.2 ते 5.6 या पट्ट्याच्या वर राहतो आणि बिअरला तुरटपणा येतो. भाजलेलं काळं माल्ट पीएच खाली आणतं, म्हणून तिथल्या वाचकांनी सुरुवात पोर्टर किंवा स्टाउटने करावी. क्लोरीन घालवायला कॅम्पडेन गोळीचा चतकोर तुकडा पुरे.

पिशवीतला मॅश खरा नव्हे, असं मानणारेही आहेत. आम्हाला ते पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या होमब्रुअरांनी ही पद्धत रूढ केली आणि धान्यातल्या एन्झाइमना पिशवी आणि स्टीलची टाकी यांत फरक कळत नाही. कायद्याचं भान मात्र सोडू नका. ब्रिटनने घरच्या बिअरवरची लायसन्सची अट 1963 मध्ये काढली, अमेरिकेत संघीय पातळीवरची मोकळीक 1978 च्या कायद्याने आली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. तिथल्या वाचकांनी हा अंक अभ्यासापुरता वाचावा.

उरतो मेहनतीचा प्रश्न. अर्धा दिवस खपून हाती पंधराएक लहान बाटल्या येतात, हे खरं आहे. पण 23 लिटरच्या एका बॅचच्या सामानात चार वेगळे मॅश होतात आणि शिकायचं तर हाच सौदा चांगला. म्हणून या महिन्यात एकच पाककृती दोनदा करा, एकदा 64 अंशांवर, एकदा 69 वर. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं तेच ठेवा. सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी, पाण्याची घट आणि चवीतला फरक लिहून आम्हाला पाठवा. आलेल्या नोंदींचा तक्ता पुढच्या अंकात छापू. लहान स्वयंपाकघरांसाठी त्याहून उपयोगी मार्गदर्शक दुसरा नसेल.