परावलंबी प्रौढांची शुश्रूषा कोण मोजणार?

टेंभी नाक्यावरील जिल्हा रुग्णालयाच्या जागी नऊशे खाटांचे नवे रुग्णालय उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा चर्चा झाली ती खाटांच्या संख्येची. ते स्वाभाविकही होते, कारण खाटा मोजता येतात. परंतु पक्षाघात झालेला, मणक्याला इजा झालेला किंवा लोकलमधून पडून पाय गमावलेला पस्तिशीतला माणूस त्या खाटेवरून उठून कळव्याच्या चाळीत अथवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत परततो, त्यानंतरची वीस-तीस वर्षे त्याचे कोण करते, याचा हिशेब कोणत्या खात्यात सापडावा?

हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, २०१८ च्या जुलै ते डिसेंबर या काळात, देशभरातील अपंगांची पाहणी झाली. तीनुसार ६२.१ टक्के अपंगांना शुश्रूषा करणारी व्यक्ती उपलब्ध होती, ३७.७ टक्क्यांना तिची गरज नव्हती, आणि गरज असूनही कोणी नाही अशांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के भरले. या आकड्यावर विसंबायचे तर हा प्रश्न भारताने केव्हाच सोडविला आहे, असे म्हणावे लागेल! त्याच पाहणीत ७६.४ टक्के अपंगांना शासनाकडून वा अन्य संस्थेकडून कोणतेही साहाय्य मिळत नसल्याचे आढळले होते, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

या विसंगतीचे मूळ प्रश्नाच्या रचनेत आहे. करणारे कोणी आहे काय, असे विचारले की घरातील पत्नी, वृद्ध आई किंवा अविवाहित बहीण पुढे येते आणि ‘आहे’ अशी नोंद होते. आईला सत्तरी उलटून गेली आहे, पत्नीने त्यापायी नोकरी सोडली आहे, रात्री दोनदा उठून त्याला कुशीवर वळवावे लागते, यातले काहीच त्या नोंदीत उतरत नाही. ज्या श्रमाची किंमत शून्य धरली जाते, त्याचा तुटवडा आकडेवारीत दिसणार तरी कसा?

वस्तुतः ही किंमत ठरविता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, रस्त्यावरील अपघातात पूर्णपणे परावलंबी झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, दोन मदतनिसांचा खर्च दरमहा दहा हजार रुपये धरला आणि केवळ या बाबीपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. तेथे रक्कम देणारी विमा कंपनी होती. तोच माणूस अपघाताऐवजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, तर भरपाई मागावयाची कोणाकडे? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन महिना ३०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील तीव्र अपंगांना. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेतील अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले व अपंगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ही वाढ स्वागतार्ह खरी. पण योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ब्यूरोकडून बाई ठेवणे न परवडणारा कारकून त्या मर्यादेच्या बाहेर राहतो.

शिवाय वयाचीही अडचण आहे. अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत, आणि वृद्धांसाठीच्या सवलती साठीनंतर. मधल्या बेचाळीस वर्षांत माणूस कमावता असतो, असे गृहीत धरलेले दिसते. जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषा विमा लागू केला, तो वय न पाहता. खाणे, अंघोळ, हालचाल यांपैकी माणसाला स्वतः किती जमते, हे तपासून तेथे साहाय्याची पातळी ठरते, आणि घरच्यांनी शुश्रूषा केली तरी रोख रक्कम मिळते.

एवढा विमा आपल्याला आज झेपणार नाही, हे मान्य. मोजणी मात्र झेपण्यासारखी आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे अपंग कल्याणाच्या लाभार्थींच्या याद्या असतात. त्यांतील अठरा ते एकोणसाठ वयाच्या व्यक्तींच्या घरी जाऊन दिवसाचे किती तास मदत लागते, ती कोण करते, त्यासाठी कोणाची नोकरी किंवा शिक्षण सुटले, आणि करणारी व्यक्ती आठवडाभर आजारी पडली तर तिच्या जागी कोण, एवढे विचारले तरी पुरे. अशी पाहणी या भागातील महाविद्यालयांचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी एका सत्रात करू शकतील. यादी मात्र महापालिकेने उपलब्ध करून द्यावी लागेल.