बिजागरीच्या मागचं वजन

परवा ऑफिसात एकानं विचारलं, "दिवाळीत काय केलंस? गोवा?"

म्हटलं, "नाही बॉस, लातूर. एलेरॉन केला."

त्याला वाटलं, जिममधला नवीन व्यायाम असेल.

तर मंडळी, विमानात खिडकीची सीट मिळाली की वळताना पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे एक पट्टी हलताना दिसते ना? तोच एलेरॉन. विमान कुशीवर कलतं ते याच्यामुळे. शेपटीवरच्या एलेव्हेटरनं नाक वर-खाली होतं, रडरनं डावी-उजवीकडे. बिजागरीवर हलणाऱ्या या पट्ट्या म्हणजेच विमानाचं स्टिअरिंग.

हे खूळ डोक्यात घातलं कॅप्टन अमोल यादव यांनी. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर या माणसानं सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आणि २०२० मध्ये ते धुळ्याला उडालं. माझ्याकडे गच्ची नाही, वन बीएचके आहे. पण मामा आहे!

मामाचं लातूरला कूलरचं वर्कशॉप. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याच्या पत्र्याच्या कूलरनं आमचं अख्खं खानदान जगवलंय. नांदेडला आईचा फराळ हाणला, लोहा-अहमदपूर-चाकूर करत एसटीनं लातूर गाठलं आणि अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मामापुढे ठेवला. विमानाचं किट घेणारेसुद्धा आधी असाच सरावाचा तुकडा करतात. आमचा हातभर लांबीचा.

पत्रा कापला, वाकवला, भोकं पाडली. प्रत्येक भोकाची कड घासून साफ करायची, कारण खरबरीत कडेपासूनच चीर सुरू होते. संध्याकाळपर्यंत माझा पेशन्स संपला. एक भोक लांबट झालं, त्यात रिव्हेट तिरकं बसलं. म्हटलं, "मामा, चालून जाईल. सरावाचंच आहे."

मामानं चष्म्यावरून बघितलं. "कूलरचं रिबिट ढिलं झालं तर पाणी गळतंय लेका. ह्यात बसणार कोण हाय?"

मी गप्प. त्यानं ड्रिल घेतलं, रिव्हेट काढलं, तो पत्राच बाजूला टाकला आणि नवीन कापायला घेतला. रात्रीचे दहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. तयार एलेरॉन बिजागरीवर लटकवला, तर मागची कड धाडकन खाली. हा तोल म्हणजे दिसण्याचा प्रश्न नाही. हवेच्या झोक्यानं पंख वर गेला की मागे जड असलेला एलेरॉन जागीच मागे रेंगाळतो, म्हणजे पंखाच्या मानानं खाली झुकतो. मग हवा पंखाला आणखी वर ढकलते. पंख परत येतो, तर उलट तेच. विमानाचा वेग जास्त असेल तर हे थरथरणं वाढत जातं आणि काही क्षणांत पंख मोडू शकतो. याला 'फ्लटर' म्हणतात. उपाय साधा: बिजागरीच्या पुढे शिसं बसवायचं. किती, ते डिझाइन करणारा ठरवतो. आम्ही पट्टी आडवी राहीपर्यंत शिशाचे तुकडे लावले.

खूश होऊन मी लाल रंग मारला. दोन हात, एकदम फेरारी. वाळल्यावर लटकवला... कड पुन्हा खाली! नुसत्या रंगाचं वजन. म्हणून रंग दिल्यावर तोल परत तपासायचा असतो.

आता तो एलेरॉन माझ्या डेस्कवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता 'चालून जाईल' म्हणत फाइल पाठवायला जातो, तेव्हा नजर तिकडे जाते. मग निमूट पुन्हा उघडतो.

काल मामाचा फोन. "पुढचा कधी करायचा?"

म्हटलं, "मामा, आधी याला जरा पॉलिश मारतो."

"मार की. पण मग लटकवून बघ."