अल्पविराम, पूर्णविराम आणि आपली घाई

खेळाडू जिंकला की आपण टाळ्या वाजवतो, हरला की हळहळतो आणि निवृत्त झाला की डोळे पुसतो. या तिन्ही प्रसंगी कसे वागायचे हे आपल्याला नेमके ठाऊक असते. मात्र ऐन भरातला एखादा खेळाडू 'मी काही काळ थांबतो' असे म्हणाला, की आपली पंचाईत होते. मग आपण तर्क लढवू लागतो. दुखापत लपवतो आहे का? हरायची भीती वाटू लागली का? यश डोक्यात गेले का? सगळे तर्क संपले की शेवटी एकच प्रश्न उरतो, 'परत कधी येणार?'

वरवर पाहता हा प्रश्न साधा, आपुलकीचाच वाटतो. मला मात्र त्याच्या पोटात एक तगादा दडलेला दिसतो. थांबलास ते ठीक, पण या थांबण्याचा हिशेब आम्हाला पदकात चुकता कर, असा तो तगादा असतो. त्याविषयी बोलण्यासाठी मी आज आपल्या परिचयाचे क्रिकेट किंवा टेनिस सोडून थेट बर्फावर जाणार आहे. आपल्याकडे फारसा कोणी न खेळणारा, पण हिवाळी ऑलिंपिकच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर लागला की नजर खिळवून ठेवणारा हा खेळ, आइस डान्स.

बर्फावर जोडीने केल्या जाणाऱ्या दोन खेळांची आपण बहुधा गल्लत करतो. एका प्रकारात पुरुष आपल्या जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, हवेत भिरकावतो. आइस डान्समध्ये असले काही चालत नाही. जोडीदारणीला उचलायचे, पण आपले हात डोक्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. एकमेकांपासून फार दूर जायचे नाही. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकताना दोघांचा ताल केसभरही चुकता कामा नये. ब्लेडच्या दोन कडांपैकी कोणत्या कडेवर शरीराचा भार आहे, याकडेही परीक्षकांचे बारीक लक्ष असते. १९७६ साली इन्सब्रुकला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. येथे दोन माणसांनी मिळून एकच कारकीर्द करायची असते. क्रिकेटच्या संघात एक थकला तर दुसरा पॅड बांधून तयार असतो. येथे एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावेच लागते.

कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांचेच पाहा. १९९७ मध्ये ही दोघे एकत्र नाचू लागली तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तो नऊ वर्षांचा. सरावासाठी किशोरवयातच त्यांनी घर सोडले. २००८ मध्ये टेसाच्या पायांवर शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघ्याखालच्या स्नायूंमध्ये दाब वाढून असह्य वेदना व्हायच्या, असा तो विकार होता. ती बरी होईपर्यंत स्कॉट एकटाच सराव करत राहिला, जोडीदारणीच्या जागी वाळूच्या पिशव्या आणि हॉकीच्या काठ्या धरून! चित्र थोडे गमतीचे वाटते, पण त्यामागची गोष्ट गमतीची नाही. त्या काळात दोघांचे आपसात बोलणेच जवळजवळ खुंटले होते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. दहा वर्षांची सोबत आणि एक साधा फोन होत नव्हता. शरीराला सक्तीची विश्रांती मिळाली होती, पण नात्याची वीण उसवत होती. ती पुन्हा सांधायला त्यांना बरेच कष्ट पडले.

तरीही २०१० मध्ये व्हँकुव्हरला, आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी टेसाच्या पायांवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. २०१४ मध्ये सोचीला अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी त्यांना मागे टाकले आणि त्यांच्या वाट्याला रौप्यपदक आले. गंमत म्हणजे या दोन्ही जोड्यांची प्रशिक्षिका एकच होती. रोज सकाळी ज्यांच्याबरोबर एकाच बर्फावर घाम गाळायचा, त्यांच्याशीच संध्याकाळी मनातल्या मनात तुलना करायची! असे वर्षानुवर्षे जगून पाहिल्याखेरीज त्याचा ताण कळायचा नाही.

सोचीनंतर टेसा आणि स्कॉट थांबले. या वेळी मात्र हे दोघांनी मिळून ठरवलेले थांबणे होते. स्पर्धा नाहीत, गुण नाहीत. आइस शोमधून नाचायचे आणि बाकीचे आयुष्य कसे असते ते पाहायचे. दोन मोसम असे गेले.

या खेळात थांबणे म्हणजे चालत्या आगगाडीतून उतरणे होय. दर मोसमात कोणत्या तालावर नाचायचे हे आंतरराष्ट्रीय संघटना ठरवते. नियमांत बदल होत राहतात. शिवाय मागून येणारे कोणासाठी थांबत नाहीत. फ्रान्सची गॅब्रिएला पापादाकिस आणि गिलोम सिझेरॉन ही जोडी २०१४ च्या जागतिक स्पर्धेत तेराव्या क्रमांकावर होती. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती, तो २० वर्षांचा. २०१६ मध्येही जागतिक विजेतेपद त्यांचेच. टेसा आणि स्कॉट घरी होते तेवढ्यात त्यांच्या खेळाचे दार, चौकट आणि कुलूपही बदलून गेले होते!

२०१६ मध्ये त्यांनी पुनरागमन जाहीर केले आणि सरावासाठी माँट्रियल गाठले. तेथे तीच फ्रेंच जोडी, त्याच प्रशिक्षकांकडे सराव करत होती. आपल्या गैरहजेरीत आपल्या जागेवर बसलेल्या पोरांच्या शेजारी रोज बुटांच्या नाड्या बांधायच्या, याला मनाचा मोठेपणा लागतो. तो त्यांच्याकडे होता. २०१६-१७ चा अख्खा मोसम त्यांनी एकही स्पर्धा न हरता पार केला आणि २०१७ मध्ये हेलसिंकीला जगज्जेतेपद मिळवले. २०१८ मध्ये प्याँगचांग ऑलिंपिकला त्यांचे गुण झाले २०६.०७ आणि फ्रेंच जोडीचे २०५.२८. सुवर्णपदक कॅनडाकडे गेले.

येथे सर्वांनी एका सुरात म्हटले, बघा, थांबले म्हणून जिंकले! विश्रांतीचे महत्त्व सांगणाऱ्या भाषणांना एक हुकमी दाखला मिळाला. आणि नेमके येथेच मी थबकतो.

फरक किती होता? ०.७९ गुणांचा. स्पर्धेच्या पहिल्या नृत्यात गॅब्रिएलाच्या पोशाखाची मानेवरची पकड सुरुवातीलाच सुटली आणि कपडे सावरत तिने ते नृत्य पूर्ण केले. दुसऱ्या दिवशीच्या मुक्त नृत्यात फ्रेंच जोडीचे गुण टेसा-स्कॉटपेक्षा जास्तच होते. ती पकड सुटली नसती तर? कदाचित निकाल फिरला असता. मग टेसा आणि स्कॉटची ती दोन वर्षे वाया गेली, असे आपण म्हणालो असतो का? एका कपड्याची पकड टिकते की सुटते, यावर दोन माणसांच्या दोन वर्षांचे शहाणपण ठरवायचे? माझ्या मते ती दोन वर्षे रौप्यपदक मिळूनही तितकीच शहाणपणाची ठरली असती. काही वर्षांपूर्वी ज्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते, ती माणसे आता 'आपण थांबू या' असे एकमेकांना सांगू शकली, ही कमाई पदकाच्या आधीची आहे.

पदकाच्या तराजूत विश्रांती तोलायला गेले तर काय होते, हे इतर जोड्यांवरूनही दिसेल. इंग्लंडच्या जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी १९८४ मध्ये सारायेव्हो येथे 'बोलेरो'च्या सुरावटीवर केलेले नृत्य आजही लोक विसरलेले नाहीत. ती विमा कंपनीतली कारकून, तो पोलीस शिपाई; दोघे नॉटिंगहॅमचे. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना सहापैकी सहा गुण दिले होते. त्यानंतर ते व्यावसायिक झाले आणि तेव्हाच्या नियमांनुसार ऑलिंपिकचे दार त्यांना बंद झाले. नियम सैल झाल्यावर १९९४ मध्ये लिलहॅमरला ते परत आले, पस्तिशी ओलांडून. कांस्यपदक मिळाले. तराजू म्हणणार, तोटा झाला. पण हीच दोघे त्यानंतरही रसिकांसमोर नाचली आणि २०२५ च्या दौऱ्याने त्यांनी निरोप घेतला. हा तोटा कोणाला नको आहे?

सोचीचे विजेते डेव्हिस आणि व्हाइट तर परतलेच नाहीत. २०१४ नंतर थांबले आणि २०१७ मध्ये आता स्पर्धा नाही, असे सांगून मोकळे झाले. आणि ती फ्रेंच जोडी? तिने दोनदा विराम घेतला. महामारीच्या काळात, २०२१ च्या जागतिक स्पर्धेला न जाता त्यांनी तयारीवर भर दिला. २०२२ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळाले आणि पाठोपाठ फ्रान्समध्येच, माँपेलिएला, पाचवे जागतिक विजेतेपद. त्याच वर्षी ते पुन्हा थांबले. या वेळी दोन वर्षे लोक वाट पाहत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्तीची घोषणा झाली. पुढे २०२५ मध्ये गिलोम दुसऱ्या जोडीदारणीबरोबर स्पर्धेत उतरला, गॅब्रिएला उतरली नाही. माणसे तीच, एक विराम अल्पविराम ठरला, दुसरा पूर्णविराम. विराम घेतेवेळी कोणता कोणता आहे, हे त्यांना तरी ठाऊक असेल का? मग ते त्यांनी आपल्याला आधीच सांगावे, असा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरतो?

अमेरिकेच्या माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी या बहीण-भावांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१८ मध्ये कांस्यपदक मिळवून ते थांबले. २०१९ मध्ये मायाच्या मूत्रपिंडात गाठ आढळली, शस्त्रक्रिया झाली. दोघांनी स्पर्धेत परतण्याची घोषणा केली ती २०२५ मध्ये. 'परत कधी येणार' या प्रश्नाला मधल्या सात वर्षांत त्यांनी काय उत्तर द्यायचे होते?

आता कोणी म्हणेल, हे सगळे बड्यांचे चोचले. सुवर्णपदक गळ्यात असले की थांबता येते, शोची आमंत्रणे घरी चालत येतात. पंधराव्या क्रमांकाच्या जोडीने दोन वर्षे थांबून दाखवावे! हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना सर्वात जास्त टोचतो तो हाच. हा खेळ महागडा आहे. बर्फाच्या मैदानाचे भाडे, प्रशिक्षकांचे मानधन, बूट, पोशाख, प्रवास. बहुतेकांचा हा खर्च आई-वडिलांच्या खिशातून सुरू होतो आणि बाहेरची मदत क्रमांक पाहून येते. तेथे थांबणे म्हणजे क्रमांक गमावणे आणि क्रमांक गमावणे म्हणजे मदत गमावणे. म्हणून दुखऱ्या पायांनी, अबोल झालेल्या जोडीदाराचा हात धरून तळाच्या जोड्या नाचत राहतात. पण यावरून विश्रांती हे चोचले आहेत असे ठरत नाही. विश्रांतीची गरज सर्वांना असते आणि ती परवडते मात्र मोजक्यांना, एवढेच यातून ठरते. अव्वल जोड्या उघडपणे थांबतात तेव्हा खालच्यांसाठीही तोंड उघडायची थोडी जागा होते, म्हणून मला त्यांचे थांबणे मोलाचे वाटते.

आणि हे काही बर्फापुरते मर्यादित नाही. आपल्या घरात 'गॅप' या शब्दाचा आपण किती धसका घेतला आहे! दहावी, बारावी, पदवी, नोकरी या साखळीत एक वर्ष मोकळे राहिले, की मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच वर्षाचा येतो. मुलगी नृत्याचा क्लास सहा महिने बंद करू का म्हणाली, की आपण लगेच विचारतो, 'मग परीक्षा कधी देणार?' ती का थांबते आहे, हे विचारायचे राहूनच जाते. बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर कामावर परतणाऱ्या बाईला आपण सवलत देतो, पण तिच्या त्या काळाकडे पाहतो ते कोऱ्या पानाकडे पाहावे तसे. वास्तविक त्या पानावर बरेच काही लिहिलेले असते, फक्त त्याला गुण देणारा परीक्षक नसतो.

टेसा आणि स्कॉट यांच्या दोन विरामांमधला फरक मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. २००८ चा विराम मुकाट होता, तो नाते पोखरत गेला. २०१४ चा विराम बोलून घेतलेला होता, त्यात दोघेही टिकले. २०१९ मध्ये त्यांनी स्पर्धांचा कायमचा निरोप घेतला, तोही एकत्रच. तेव्हा थांबणाऱ्याने आपल्या माणसांशी बोलावे आणि त्या माणसांनी त्याच्याकडे परतीची तारीख मागू नये, एवढा करार घराघरांत झाला तरी पुष्कळ आहे. पुढे तो अल्पविराम निघतो की पूर्णविराम, हे वाक्य ज्याचे आहे त्यालाच ठरवू द्यावे.