आधी गाळ, मग दिवा

ऑक्टोबर संपता संपता पुण्या-मुंबईच्या काही सोसायट्यांत मुले भुतांचे मुखवटे घालून दारोदार चॉकलेटे मागत फिरतात. त्याच सुमारास हॅलोवीन पर्यावरणपूरक कसा करावा, याचे सल्लेही येऊ लागतात. नवा पोशाख विकत घेऊ नका, घरातल्या जुन्या कपड्यांचा शिवा. कोरलेला भोपळा कचऱ्यात टाकू नका. प्लास्टिकचे सांगाडे टांगू नका. हे सल्ले खोटे नाहीत. ब्रिटनमध्ये 2019 साली दोन संस्थांनी 19 विक्रेत्यांकडचे हॅलोवीनचे 324 पोशाख तपासले. त्यांत वापरलेल्या साहित्यापैकी 83 टक्के साहित्य खनिज तेलापासून बनलेले प्लास्टिक निघाले, त्यातही मुख्यतः पॉलिएस्टर. एका संध्याकाळच्या गमतीसाठी कित्येक पिढ्या न कुजणारा कचरा तयार करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, म्हणून ही खरेदी थांबवलीच पाहिजे. माझा आक्षेप या सल्ल्यांमागच्या विचाराला आहे. सण म्हणजे निसर्गाची हानी, आणि ही हानी थोडी कमी केली की सण पर्यावरणपूरक झाला, असे त्यात गृहीत धरलेले असते.

आपल्या सणांच्या चर्चेतही हेच गृहीत रुजले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फक्त कमी प्रदूषण करणारे फटाके वाजवायला परवानगी दिली आणि त्यांना ‘हरित फटाके’ हे नाव रूढ झाले. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांतून धूलिकणांचे उत्सर्जन सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते, असे सांगितले जाते. म्हणजे उरलेला 70 टक्के धूर ‘हरित’ या नावाखाली हवेत जातोच. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरचे निर्बंध आणि थर्माकोलच्या सजावटीवरची बंदी आवश्यकच आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण बंदीने फार तर घाण थांबते. वर्षानुवर्षे साचलेली घाण निघायची तर कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते. माझे म्हणणे असे की, सण पर्यावरणपूरक आहे की नाही याची कसोटी बाजारातल्या वस्तूंवर लावू नये. सणाच्या निमित्ताने एकत्र येणारी माणसे आपल्या गावच्या पाण्यासाठी आणि मातीसाठी काय करून जातात, यावर ती लावावी.

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव या बाबतीत पाहण्यासारखे आहे. इथली चक्राकार पायऱ्यांची बारव आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. टपाल खात्याच्या चित्र-पोस्टकार्डावरही ती आली. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात, त्यामुळे पाणी वर असो की तळाला, माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता येते. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाट काढत जाते, आणि जुन्या बांधणाऱ्यांनी या वाटा हेरून बारवा खोदल्या. नळ आले, विंधन विहिरी आल्या, बारवेचे पाणी कोणी भरेनासे झाले. मग ठिकठिकाणच्या बारवांत निर्माल्य, राडारोडा, जुनी मडकी, प्लास्टिक पडू लागले. गाळ चढला की झऱ्यांची तोंडे बुजतात, आणि चांगली विहीर आटली अशी आवई उठते. वालूरकरांनी श्रमदानाने आपली बारव मोकळी केली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’मुळे राज्यभरच्या गावांना एकमेकांचे असे काम कळू लागले आणि महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लावण्याची प्रथा पसरली. या दीपोत्सवाचे मोल मला एका कारणासाठी फार वाटते. दिवा लावायचा तर पायरी दिसली पाहिजे, आणि पायरी दिसायची तर आधी गाळ निघाला पाहिजे. सणाच्या विधीतच काम गुंफले गेले आहे.

वेळही अचूक साधली आहे. महाशिवरात्र उन्हाळ्याच्या तोंडावर येते. पाणी उतरू लागलेले असते, खालचा गाळ हाताशी येतो आणि पावसाळ्याला अजून तीन-चार महिने असतात. तेवढ्यात झरे मोकळे झाले तर येणारे पाणी साठायला जागा तयार राहते. दिवाळीत हेच काम करता येत नाही, कारण तेव्हा विहिरी भरलेल्या असतात.

यावर पहिली हरकत अशी घेतली जाते की एका बारवेने गावाची तहान भागत नाही. हे खरे आहे. वालूरच्याच सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्पासारखे मोठे धरण आहे, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, एवढी मराठवाड्याची टंचाई मोठी आहे. बारव धरणाची जागा घेईल, असा दावा कोणी करू नये. पण धरणाचे पाणी कोणाला किती मिळणार, हे गावाबाहेर ठरते. बारवेचा गाळ काढायचा की नाही, हे गाव स्वतः ठरवते. शिवाय उघडी विहीर गावाला भूजलाची पातळी रोज डोळ्यांनी दाखवते. विंधन विहिरीत ती पातळी कोणाला दिसत नाही, म्हणून उपसाही थांबत नाही.

दुसरी हरकत तेलाची. शेकडो पणत्यांचे तेल पाण्यात सांडले तर स्वच्छतेचा अर्थ काय उरला? ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. पणत्या पाण्यापासून वरच्या पायऱ्यांवरच ठेवाव्यात, तेल मोजके घालावे आणि दुसऱ्या सकाळी पणत्या, वाती, फुले गोळा करून न्यावीत. एवढेही होणार नसेल तर दिवे लावू नयेत. गाळ काढला तरी पुरे. जेसीबीने घाईघाईत गाळ काढण्यालाही माझा विरोध आहे, कारण एका फटक्यात शतकांपूर्वीचा दगड निखळतो.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे आणि तिला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पाणवठ्यांचा आज गौरव चालला आहे, त्यांतले कितीतरी दलितांना बंद होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मग जुन्या बारवांचा उत्सव म्हणजे त्या विषमतेचाच उत्सव नव्हे काय? मी म्हणेन, गावातले काही लोक काठावर उभे राहून बघत असतील तर तो तसाच उत्सव आहे. गाळाची पाटी ज्या हातांनी उचलली, त्याच हातांनी पहिली पणती लावायची, आणि ते हात गावातल्या प्रत्येक वस्तीतून आलेले असायचे, ही अट पाळली गेली तर तीच बारव जुनी बंदी मोडण्याची जागा होते. या अटीवाचून वारसा जपण्याच्या गप्पा मला पोकळ वाटतात.

राहिला हॅलोवीन. तो परका म्हणून टाकून द्यावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्याचा दिवा करत. तेच लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथे मुबलक मिळणारा भोपळा त्यांनी हाती घेतला. सण त्या त्या मातीतले पीक धरून बदलला, आणि तो आपल्याकडेही बदलू शकतो. पडक्या विहिरीत भूत असते ही समजूत आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. शहरातल्या पालकांनी मुखवट्यांचा खर्च वाचवून मुलांना जवळच्या एखाद्या जुन्या विहिरीवर किंवा तळ्यावर न्यावे, मोठ्यांच्या देखरेखीखाली काठावरचा कचरा उचलावा आणि मग कंदील लावून हवी तेवढी भुतांची गोष्ट सांगावी. गावांनी त्याहून मोठे काम हाती घ्यावे. येत्या महाशिवरात्रीआधी आपल्या बारवेत किती फूट गाळ साचला आहे ते मोजा, आणि तो कोणकोणत्या वस्त्यांनी मिळून काढायचा, हे ग्रामसभेत ठरवा.