प्रत्येक आजीचा वेगळा कागद

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलगे मुंबईला आणि घरात आई एकटी, हे कोकणाला नवे नाही. अशा काहींची अखेरची वर्षे वृद्धाश्रमात जातात.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा ठरवण्याचे काम राज्यांकडे दिले. खाटा आणि नोंदवह्या तपासता येतात. पण संध्याकाळी इन्सुलिन टोचले आणि चपाती चावत नाही म्हणून आजींनी ताट सारले, तर रात्री साखर घसरते. घामाघूम, बरळत त्या पहाटे रुग्णालयात येतात. सोबतच्या मदतनिसाला औषधांची नावेही ठाऊक नसतात. आजींना रात्री मऊ भात लागतो, एवढे दाखल करतानाच विचारून लिहायला हवे होते.

म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र काळजी-आराखडा हवा. त्यात औषधे, पूर्वी कधी पडल्या, कोणत्या कानाने ऐकू येते, हे असावे. गंभीर आजारात उपचार कुठवर हवेत, हे मुलाआधी त्यांनाच विचारावे. एकच मजकूर नाव बदलून सर्वांसाठी उतरवला, तर तो फक्त तपासनिसाच्या कामाचा. दर तीन महिन्यांनी, तसेच पडल्यावर किंवा रुग्णालयातून परतल्यावर, आजींसमोर बसून तो पुन्हा लिहावा.